रसाभासाची वकिली

अध्यक्षमहाराज, संयोजक मंडळी आणि रसिकहो,

बोलायला उभे राहण्यापूर्वी मी सवयीने माणसे मोजली. ही सवय चांगली नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ज्याने तीस वर्षे पडद्याच्या फटीतून, आणि जिथे पडदाच नव्हता तिथे दाराच्या आडून, ‘आज किती आले’ हे पाहण्यात घालवली, त्याची ती आता सुटणार नाही. आज आपण बासष्ट जण आहात. त्यांपैकी संयोजकांचे नातलग किती, हे मी विचारणार नाही, कारण आमच्या प्रयोगांनाही तो प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. माझ्या हिशेबी हा हाउसफुल प्रयोग आहे.

संयोजकांनी मला ‘प्रायोगिक रंगभूमीवरील नटाचे आयुष्य’ असा विषय दिला होता. त्याला ‘आणि एकतर्फी प्रेम’ हे शेपूट मी जोडले. त्यावर त्यांचा फोन आला आणि त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले की, ही दोन स्वतंत्र व्याख्याने आहेत का. मी म्हटले, हे एकच आहे आणि ते एकच का आहे, एवढेच मला सांगायचे आहे. त्यासाठी मला पन्नास मिनिटे मिळाली आहेत. त्यानंतर याच रंगमंचावर एका गटाची तालीम आहे, तेव्हा मिनिटभरही जास्त मिळणार नाही, हेही त्याच सौजन्याने मला सांगण्यात आले आहे.

सुरुवात एका जुन्या तक्रारीपासून करतो. आपल्या साहित्यशास्त्राने शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन भाग केले. भेट झाली तर संभोग आणि ताटातूट झाली तर विप्रलंभ. त्यामुळे प्रेमात पडून दुःखी झालेल्या प्रत्येकाला वाटते की आपली सोय विप्रलंभात झालेली आहे. तसे नाही. विप्रलंभाला अट आहे, ती अशी की दोघांचीही मने एकमेकांत गुंतलेली असली पाहिजेत. नुसत्या कीर्तीच्या श्रवणाने किंवा एका दर्शनाने जडलेला जो पूर्वराग, त्यातसुद्धा शास्त्रकाराला अनुराग परस्परांवर हवा असतो. मग ज्याच्या प्रेमाला उत्तरच आले नाही, त्याने कुठे जायचे? चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त याचे उत्तर देऊन ठेवले आहे. शृंगारात अनौचित्य कशाकशाने येते, याची त्याने यादी केली. उपनायकावरचे प्रेम, ऋषिपत्नीविषयी किंवा गुरुपत्नीविषयी वाटणारे प्रेम, एकीचे अनेक नायकांवरचे प्रेम, आणि त्याच रांगेत, याच आरोपींच्या शेजारी, ‘अनुभयनिष्ठ रती’, म्हणजे दोहोंच्या ठायी नसलेली, एकाच बाजूला राहिलेली रती. हा शृंगार नव्हे, हा शृंगाराचा आभास. रस नव्हे, रसाभास. गुरुपत्नीकडे वाकड्या नजरेने पाहणारा आणि कोणाला काहीही त्रास न देता मनातल्या मनात झुरणारा, हे दोघे एका कोठडीत! मी हे प्रथम वाचले तेव्हा मला वैयक्तिक अपमान झाल्यासारखे वाटले होते, आणि तो का वाटला होता, ते पुढे येईलच. आज मी या रसाभासाची वकिली करायला उभा आहे.

आता नटाच्या आयुष्याविषयी. ‘प्रायोगिक’ हा शब्द मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे, कारण आपण मराठीत नाटकाच्या प्रत्येक सादरीकरणालाच प्रयोग म्हणतो. शंभरावा प्रयोग झाला तरी तो प्रयोगच राहतो आणि त्याचा निष्कर्ष हाती लागला, असे कोणी म्हणत नाही. व्यावसायिक नटाला प्रयोगाची नाईट, म्हणजे मानधन, मिळते आणि आम्हाला प्रयोगाचा प्रयोग मिळतो, एवढाच काय तो फरक. दिवसा नोकरी करायची, संध्याकाळी तालमीला जायचे, दिग्दर्शक विमा कचेरीतून सुटून येईपर्यंत आपापसांत वाचन करायचे, तो आल्यावर झालेले वाचन चुकीचे होते असे ऐकून घ्यायचे, आणि अडीच महिन्यांच्या तालमींनंतर नाटकाचे सहा प्रयोग झाले की ‘बरे चालले’ असे म्हणायचे. या सगळ्यात पैसा कुठून येतो, असे लोक विचारतात. पदरमोड हा मराठीतला अत्यंत नेमका शब्द आहे. त्यात पदरही आपलाच असतो आणि मोडही.

ही रीत आपल्याकडची आहे असे मात्र कोणी समजू नये. पॅरिसमध्ये आंद्रे आंत्वान नावाचा गॅस कंपनीतला एक कारकून होता. त्याने ३० मार्च १८८७ रोजी ‘तेआत्र लीब्र’ म्हणजे मुक्त रंगभूमी या नावाने पहिला प्रयोग केला. नेपथ्याला पैसे नव्हते, म्हणून त्याने आईच्या घरातले सामान मागून घेतले आणि ते हातगाडीवर लादून स्वतः रस्त्याने ढकलत नेले. रंगमंचावर खऱ्याखुऱ्या वस्तू आणणाऱ्या वास्तववादाचा आंत्वान हा एक प्रवर्तक मानला जातो. पुस्तकांमध्ये त्याची तात्त्विक कारणे सविस्तर दिलेली असतात. परंतु ज्याने कधी प्रायोगिक नाटकाचे सामान वाहिले आहे, त्याला त्या हातगाडीत एक जास्तीचे कारण दिसते. सात वर्षांनी, १८९४ साली, आंत्वान कर्जात बुडून त्या नाट्यगृहातून बाहेर पडला. तोवर त्याचे पाहून बर्लिनमध्ये १८८९ साली आणि लंडनमध्ये १८९१ साली तशाच स्वतंत्र नाट्यसंस्था उभ्या राहिल्या होत्या. आपल्याकडे १९६० साली ‘रंगायन’ आली, ती फुटल्यावर १९७१ साली ‘आविष्कार’ आली, आणि दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांच्या चळवळीत जे घडले ते या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उरलेल्या निम्म्यांना ते पहिल्या निम्म्यांनी इतक्या वेळा सांगितले आहे की मी त्यात भर घालत नाही.

आमच्या व्यवसायातील, किंवा खरे तर अव्यवसायातील, सर्वांत मोठा छळ पैशाचा नसतो. तो ‘सध्या काय चाललंय?’ या प्रश्नाचा असतो. त्याला ‘नाटक चाललंय’ असे उत्तर दिले की समोरचा माणूस दोन क्षण थांबून विचारतो, ‘आणि बाकी?’ या ‘आणि बाकी’मध्ये आमची सगळी हयात मावते. त्यानंतर मालिकांचा विषय निघतो, मालिकेत का जात नाही हे विचारले जाते, जणू मालिकावाले दाराशी पालखी घेऊन उभे आहेत आणि आम्हीच कडी काढत नाही आहोत. भरताने नाट्यशास्त्रात हवे ते माणूस न मिळालेल्या प्रेमिकाच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत. त्या मी एकदा नोकरीतल्या एका रटाळ बैठकीत वहीच्या मागच्या पानावर आमच्या संस्थेच्या कारभाराशी ताडून पाहिल्या. नाटक प्रथम वाचले तेव्हाचा अभिलाष, हॉल कुठे मिळेल याचे चिंतन, मागच्या नाटकाच्या वेळी काय झाले याची अनुस्मृती, लेखकाच्या समोर त्याचे गुणकीर्तन, रंगीत तालमीचा उद्वेग, मुख्य नटाने तारखा नाहीत असे कळवल्यावरचा विलाप, पहिल्या प्रयोगाचा उन्माद, हिशेब मांडताना जडणारी व्याधी, पुढची तारीख मिळेपर्यंतची जडता. दहावी अवस्था मरण. ती प्रत्येक संस्थेला येते आणि तिची बातमी कुठेच छापून येत नाही. तेव्हा माझ्या लक्षात आले की, भरताने विरही माणसाचे वर्णन करता करता आमचे वार्षिक इतिवृत्त लिहून ठेवले आहे.

आता मी ज्या प्रसंगासाठी हे शेपूट जोडले, त्या प्रसंगाकडे वळतो. तो थोडा लांबेल. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले तरी चालेल, माझ्याकडे पाहू नये.

मी नट व्हायला म्हणून एका नाट्यसंस्थेत गेलो आणि मला प्रॉम्प्टर करण्यात आले. डाव्या विंगेत एक स्टूल, मांडीवर संहिता, हातात रुमालाने झाकलेली बॅटरी. प्रॉम्प्टिंग हे कमी दर्जाचे काम आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ते केलेले नसते. प्रॉम्प्टरने ओळ सांगायची नसते, ओळीचे टोक द्यायचे असते. आणि त्याहून अवघड म्हणजे नट थांबला आहे की अडला आहे, हे त्याला ओळखता आले पाहिजे. थांबलेल्या नटाला टोक दिले तर त्याचा विराम मेला, अडलेल्याला दिले नाही तर नट मेला. हे कळण्यासाठी नटाच्या श्वासाकडे कान लावून बसावे लागते. म्हणजे ज्याच्याकडे कोणाचेही लक्ष नाही असा माणूस, ज्याच्याकडे सर्वांचे लक्ष आहे अशा माणसाचा श्वास मोजत काळोखात बसलेला असतो. आपल्याला यात काही ओळखीचे वाटत असेल, तर माझे निम्मे व्याख्यान झाले.

नाटक संस्थेतल्याच एका सभासदाने लिहिलेले होते आणि ते छापले गेले नाही. तिसऱ्या प्रवेशात एक माणूस अकरा वर्षांनी एका स्त्रीच्या घरी येतो. तो बराच वेळ इकडचे तिकडचे बोलतो आणि मग म्हणतो, “मी विचारायला आलो नाही, सांगायला आलो आहे.” त्यानंतर तो काहीच सांगत नाही. ती म्हणते, “सांगून झालं असेल तर दिवा लावते.” ती दिवा लावते आणि प्रवेश संपतो. ती भूमिका जी मुलगी करत होती तिच्याविषयी मी इतकेच सांगेन की, पहिल्या वाचनाच्या दिवशी तिने हे वाक्य कोणताही भाव न आणता, नुसते समोरच्या कागदावर आहे म्हणून वाचले, आणि त्यानंतर मी त्या संस्थेत प्रॉम्प्टर म्हणून राहायला तयार झालो.

मुख्य भूमिकेतला नट देखणा होता, आवाज खणखणीत होता आणि पाठांतर शून्य होते. तो नेमका याच वाक्यावर अडायचा. तालमीत अडला, रंगीत तालमीत अडला, पहिल्या तिन्ही प्रयोगांत अडला. मी प्रत्येक वेळी ‘मी विचारायला’ एवढे टोक द्यायचो, त्याला ते सापडायचे, आणि तो ते इतक्या उत्कटतेने म्हणायचा की बाहेर बसलेल्यांना वाटावे, हा माणूस आतून गलबलून गेल्यामुळे अडखळला. पुष्कळ वर्षांनी मला कळले की रोस्ताँ नावाच्या फ्रेंच नाटककाराने १८९७ साली यावर अख्खे नाटक रचलेले आहे. त्यातला सिरानो बाल्कनीखालच्या काळोखात उभा राहून दुसऱ्या देखण्या माणसाला प्रेमाची वाक्ये पुरवतो. ते वाचल्यावर मला आनंद झाला नाही, उलट आपली खासगी वस्तू कोणीतरी आधीच बाजारात मांडली आहे, असे वाटले.

चौथ्या प्रयोगाला प्रेक्षक अकरा होते. रंगमंचावरचे आणि मागचे मिळून आम्ही चौदा जण होतो. तो त्या वाक्यावर आला आणि अडला. मी टोक दिले, त्याला ऐकू गेले नाही. पुन्हा दिले. त्याने माझ्या दिशेने कान केला, तेही चूकच होते, पण टोक काही त्याच्या हाती लागेना. तिसऱ्या वेळी मी संपूर्ण वाक्य दिले. आणि मला आजही सांगता येणार नाही की घाबरून की दुसऱ्याच कशाने, पण ते मोठ्याने निघाले. “मी विचारायला आलो नाही, सांगायला आलो आहे.” अकराही जणांनी ते ऐकले असणार. क्षणभर सगळे जागच्या जागी राहिले. मग ती वळली. समोर उभ्या असलेल्या नायकाकडे नव्हे, सरळ डाव्या विंगेकडे. आणि माझ्याकडे पाहत ती म्हणाली, “सांगून झालं असेल तर दिवा लावते.” तिने दिवा लावला, ब्लॅकआउट झाला, आणि बॅटरी माझ्या हातातून खाली पडली. तिचा आवाजही बाहेर ऐकू गेला.

आता या गोष्टीतला विनोद असा की, त्या अकरा जणांत एक नाट्यसमीक्षक होते. त्यांनी त्या आठवड्यात लिहिले की, नायकाचा आवाज त्याच्या देहापासून तोडून काळोखात ठेवण्याची दिग्दर्शकाची कल्पना ही प्रयोगाची सर्वांत मोठी उपलब्धी आहे. आमच्या दिग्दर्शकांनी, ज्यांना आम्ही सर म्हणत असू, ते कात्रण दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, “हे ठेवू या.” पाचव्या प्रयोगापासून माझे वाक्य संहितेत शिरले. पात्रपरिचयात सर्वांत खाली ‘आवाज’ असे लिहून पुढे माझे नाव घातले गेले. माझ्या अभिनयकारकिर्दीचा आरंभ असा विंगेतल्या स्टुलावर बसून झाला आहे. मुख्य नट रागावला आणि सातव्या प्रयोगानंतर सोडून गेला. आता ती भूमिका आपल्याला मिळणार, या कल्पनेने मी दोन रात्री झोपलो नाही. सरांनी रिप्लेसमेंट आणली. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “तू उजेडात आलास तर तुझा आवाज कुठून येणार?” हे उत्तर इतके बरोबर होते की त्यांना मी अजून क्षमा केलेली नाही.

नाटकाचे एकोणीस प्रयोग झाले. म्हणजे एकदा आपणहून आणि पंधरा वेळा दिग्दर्शनानुसार, अशी एकूण सोळा वेळा तिने माझ्याकडे पाहिले. मी हिशेब ठेवला होता, हे उघडच आहे. पुढच्या वर्षी मला पहिली खरी भूमिका मिळाली आणि मी प्रथमच दिव्यांच्या झोतात उभा राहिलो. एका प्रवेशात मला डावीकडे वळायचे होते. मी वळलो, विंगेकडे पाहिले, आणि तेव्हा मला समजले की उजेडात उभे राहून विंगेत पाहिले, तर काळोखाशिवाय काहीही दिसत नाही.

यावर एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती तुमच्यासाठी नसून माझ्यासारख्या नटांसाठी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर विवरणात्मक टीका लिहिली. तिच्यात रस कोणाला मिळतो याची चर्चा करताना तो नटाला स्पष्टपणे बाजूला काढतो. नटाला रसास्वाद नाही, म्हणून तर त्याला पात्र म्हणतात, असे तो म्हणतो. कारण पात्रात असलेल्या मद्याची चव पात्राला कळत नाही, ते फक्त दुसऱ्यापर्यंत पोचवण्याचे साधन असते. आपण मराठीत रोज ‘नाटकातली पात्रे’ असे म्हणतो आणि त्या शब्दातले भांडे आपल्याला ऐकू येत नाही. मला मात्र त्या उजेडात वळल्याच्या दिवसापासून ते सतत ऐकू येते. हजारो संध्याकाळी मी प्रेम एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोचवले, आणि ज्यांच्यापर्यंत ते पोचले ते मला दिसले नाहीत, कारण मी उजेडात होतो आणि ते काळोखात होते.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. “दहा मिनिटे.” म्हणजे ज्यासाठी मला बोलावले त्याला दहा मिनिटे उरली आहेत आणि ज्यासाठी मी आलो त्यात चाळीस गेली. तेव्हा मुद्दे आता पळवत नेतो.

पहिला मुद्दा शब्दाचा. ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ असे मथळे आपण वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत, आणि त्यामुळे हा शब्द उच्चारताना सभ्य माणसाला संकोच वाटतो. माझे म्हणणे असे की, त्या मथळ्यांत शब्द चुकला आहे. ‘एकतर्फी’ हा मूळचा कचेरीतला शब्द. समोरचा पक्ष हजर नसताना न्यायालय जो निकाल देते, तो एकतर्फी निकाल. ज्याने एका मुलीचा नकार ऐकून घेतला नाही आणि स्वतःच न्यायाधीश होऊन तिला शिक्षा दिली, त्याने प्रेम नव्हे, निकाल एकतर्फी केला. प्रेम एकतर्फी असणे म्हणजे दुसऱ्या तर्फेला तिचे स्वातंत्र्य पूर्णपणे शाबूत असणे. हे आम्हा नटांना शिकवावे लागत नाही. मध्यंतरानंतर चार प्रेक्षक परत आले नाहीत, तर आम्ही त्यांच्या मागे पार्किंगपर्यंत जात नाही. उरलेल्या सात जणांसाठी दुसरा अंक पहिल्याइतकाच मनापासून करतो, आणि जे गेले त्यांना उठून जाण्याचा हक्क होता, हे मान्य करूनच करतो.

दुसरा मुद्दा कारागिरीचा आहे. रंगमंचावर सफल प्रेम करता येत नाही. दोघे एकमेकांना मिळाले की करण्यासारखे काही उरत नाही. संगीत वाढते आणि प्रकाशयोजनाकार दिवे उतरवतो. नट उभा राहतो तो ‘मला समोरच्याकडून काय हवे आहे’ या प्रश्नावर, आणि जोवर ते मिळत नाही तोवरच त्याच्या हातापायांत जीव असतो. रशियन नाटककार चेखॉव्हने १८९५ साली आपल्या एका प्रकाशकमित्राला पत्रातून कळवले होते की, तो एक विनोदी नाटक लिहीत आहे, त्यात हालचाल थोडी आणि पाच पूड प्रेम आहे. पूड हे रशियातले जुने वजन, सुमारे सव्वासोळा किलोंचे. आपण सोडतो त्या पुडीशी त्याचा संबंध नाही. ते नाटक म्हणजे ‘द सीगल’. ते ऐंशी किलो प्रेम त्याने असे वाटले की एकाचेही एकाला मिळत नाही. शिक्षक माशावर, माशा त्रेपलेववर, त्रेपलेव नीनावर आणि नीना त्रिगोरिनवर, अशी प्रत्येकाची पाठ दुसऱ्याकडे आहे. १८९६ साली पीटर्सबर्गला त्याचा पहिला प्रयोग झाला तो एका लोकप्रिय विनोदी नटीच्या गौरवाच्या रात्री. तिचे चाहते हसायला आले होते आणि ते नको तिथे हसले. चेखॉव्ह प्रयोग संपण्यापूर्वीच प्रेक्षागारातून उठून आत जाऊन लपला. दोन वर्षांनी मॉस्कोत, त्याच वर्षी सुरू झालेल्या आर्ट थिएटरने तेच नाटक केले. पहिल्या अंकानंतर इतकी शांतता पसरली की पडद्यामागच्या नटांना वाटले, पडलो. मग टाळ्या आल्या. त्या दोहोंमधले क्षण कसे असतात हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला पुष्कळदा तेवढेच मिळतात.

तिसरा मुद्दा, आणि खरे म्हणजे हाच. त्या नाटकाच्या शेवटच्या अंकात नीना परत येते. ती आता दुय्यम नाटक मंडळ्यांतली नटी आहे, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून येलेत्स नावाच्या गावी हिवाळाभराच्या कामावर निघाली आहे, आणि ज्याने तिला टाकले त्या त्रिगोरिनवर तिचे अजून, पूर्वीपेक्षाही जास्त, प्रेम आहे. तिच्यासमोर त्रेपलेव उभा आहे, त्याचे तिच्यावर तितकेच आहे. दोघांचे दुःख एकाच मापाचे आहे. ती निघून जाते आणि तो स्वतःला गोळी घालून घेतो. ती का नाही घालत? तिचे प्रेम उथळ होते म्हणून नव्हे. तिला उद्या येलेत्सला पोचायचे आहे म्हणून. त्रेपलेवने नीनाला आपली एकमेव प्रेक्षक केले होते. ती उठून गेल्यावर त्याचे नाट्यगृह रिकामे झाले. नीनाने त्रिगोरिनवरचे प्रेम तसेच ठेवले आणि ते घेऊन ती दुसऱ्या प्रेक्षकांकडे निघाली. पात्र रिकामे झाले नाही, एवढेच पाहायचे. आम्हा नटांना याहून मोठी सोय कोणी दिलेली नाही, आणि ती आमच्याखेरीज फार थोड्यांना मिळते, याची मला जाणीव आहे.

आता वकिली पुरी करतो, दोन मिनिटे आहेत. ज्या विश्वनाथाने आपल्याला कोठडीत टाकले, त्याच्याच ग्रंथात सुटकेचे कलम आहे. रस, भाव, त्या दोहोंचे आभास, भावांचे शमणे, उगवणे, त्यांची संधी आणि शबलता अशी सगळी नावे घेऊन तो म्हणतो, ‘सर्वेऽपि रसनाद्रसाः’, या सर्वांची चव घेतली जाते म्हणून हे सर्व रसच. आरोपीला दोषी ठरवून त्याच निकालपत्रात मुक्त केल्याचे हे उदाहरण मला फार आवडते. चव घेणारा कोणी असला, की आभासालाही रसाचा दर्जा मिळतो. अकरा असले तरी चालतात.

राहिली ती हकिकत. सर गेले तेव्हा त्यांच्या शोकसभेत ती भेटली. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि व्यासपीठावरून कोणीतरी नेमका तो आवाजाचा प्रसंग सरांच्या कल्पकतेचा नमुना म्हणून सांगत होते. आम्ही दोघेही हसू दाबत होतो. मी तिला विचारले, “त्या दिवशी तू विंगेकडे का वळलीस?” तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “अरे, वाक्य आलं ना. बरोबर वेळेवर आलं. त्याला उत्तर नको द्यायला?” मी म्हटले, “आणि मी?” ती म्हणाली, “तू कुठे दिसत होतास?”

विंगेत दोन मुले एक टेबल उचलून धरून कधीची उभी आहेत. टेबल जड दिसते आहे आणि बहुधा कोणाच्या तरी घरचे आहे. त्यांना आत येऊ द्या.